तास जास्त, पैसे कमी: अवर्ली आणि फिक्स्ड कॉन्ट्रॅक्टमध्ये पाणी नेमकं कुठे मुरतंय?

हा बिघाड मी स्वतःच्या फ्रीलान्स कामात चार-पाच वेळा आणि ओळखीच्यांच्या कामात त्याहून जास्त वेळा दुरुस्त केलाय. दर वेळी सुरुवात एकाच वाक्याने होते, "काम तर भरपूर आहे, पण महिनाअखेर हातात काही उरत नाही." मग लोक काय करतात, तर रेट वाढवतात, नाहीतर फिक्स्डला (सगळ्या कामाचा आधीच ठरलेला एक आकडा) शिव्या घालत सगळं अवर्लीवर (जितके तास तितके पैसे) नेतात आणि सहा महिन्यांनी अवर्लीला शिव्या घालत परत फिक्स्डवर येतात. बिघाड आपला जागच्या जागी.

लक्षणं बघू आधी.

फिक्स्डमधली: काम "जवळजवळ झालंय" या अवस्थेत तीन आठवडे पडून आहे. क्लायंटचा प्रत्येक मेसेज "फक्त एवढं एक" असा सुरू होतो. त्याचं नाव स्क्रीनवर चमकलं की तुम्ही फोन उलटा ठेवता. फाइल पाठवून झाली, पैसे एस्क्रोमध्ये (क्लायंटने आधीच भरलेले, पण काम मान्य होईपर्यंत प्लॅटफॉर्मने धरून ठेवलेले) दिसतायत पण सुटत नाहीत.

अवर्लीमधली: दिवसभर खुर्चीत बसलात आणि ट्रॅकरवर (तास मोजणाऱ्या अ‍ॅपवर) चारच तास. काम पटकन उरकलं तर आनंद व्हायच्या ऐवजी धाकधूक होते की आता उरलेल्या आठवड्यात बिल कशाचं लावायचं. क्लायंट विचारतो "याला इतका वेळ का लागला?" आणि तुमच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. आठवड्याची लिमिट संपलेली असते तरी तुम्ही काम करताच, कारण डेडलाइन.

यातली दोन-तीन जुळत असतील तर पुढच्या तपासण्या तुमच्यासाठी आहेत. एकच जुळत असेल आणि तेही एकाच क्लायंटबरोबर, तर बहुतेक तो क्लायंटच तसा आहे, कॉन्ट्रॅक्टला दोष देऊ नका.

तपासण्या सोप्यापासून अवघडकडे लावल्यात. हा क्रम मोडू नका, कारण पहिल्या तीन-चार गोष्टी क्लायंटला कळतही नाहीत, नुसतं तुमचं तुम्ही बघायचं असतं. नंतरच्यांमध्ये मात्र त्याच्याशी बोलावं लागतं आणि एकदा तोंड उघडलं की ते परत घेता येत नाही.

१. कॉन्ट्रॅक्टचं पान उघडून बघा (दोन मिनिटं)

हसू नका. मला मदत मागणाऱ्या कितीतरी जणांनी हे पान ऑफर स्वीकारली त्या दिवसानंतर उघडलेलंच नव्हतं. फिक्स्ड असेल तर एकच प्रश्न: जो माइलस्टोन (कामाचा ठरलेला टप्पा) तुम्ही आत्ता करताय त्याचे पैसे एस्क्रोमध्ये भरलेत का? पहिला माइलस्टोन भरलेला असतो, तो सुटतो, आणि मग क्लायंट चॅटमध्ये म्हणतो "चला, दुसऱ्याला लागा", आपण लागतो. दुसऱ्याचे पैसे भरलेलेच नसतात. माइलस्टोन नुसता लिहिलेला असणं आणि त्यात पैसे असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एस्क्रोची राखण फक्त भरलेल्या पैशाला असते. न भरलेल्या माइलस्टोनवर काम करणं म्हणजे सरळ उधारी.

अवर्ली असेल तर आठवड्याची लिमिट बघा. ती १० तासांची असेल आणि तुम्ही १६ तास काम करत असाल तर वरचे ६ तास दान. लिमिट वाढवून घ्यायची तर काम करायच्या आधी, नंतर मागितली तर ती विनवणी होते.

२. 'सबमिट' बटण दाबलंय का?

ही माझी सगळ्यात आवडती तपासणी, कारण फुकट आहे आणि लोकांचे अडकलेले पैसे सोडवते. अपवर्कवर (फ्रीलान्सर आणि क्लायंट यांना जोडणारा ऑनलाइन प्लॅटफॉर्म) फिक्स्ड कामात तुम्ही काम रीतसर सबमिट केलंत की क्लायंटला तपासायला १४ दिवस मिळतात, त्यात त्याने बदल मागितले नाहीत तर पैसे आपोआप सुटतात आणि मग ५ दिवसांची सुरक्षा-मुदत संपली की काढता येतात. पण हे १४ दिवस मोजायला सुरुवात होते ती बटण दाबल्यावर. आपण काय करतो, चॅटमध्ये फाइल टाकतो, "बघून सांगा" लिहितो आणि वाट बघत बसतो. क्लायंट बिझी असतो, तो बघत नाही, आपण आठवण करायला संकोचतो, असं ते भिजत घोंगडं पडून राहतं. घड्याळ चालूच झालेलं नसतं.

दुसऱ्या ठिकाणी काम करत असाल तर तिथलं हेच कलम शोधून वाचा: सबमिट कशाला म्हणतात आणि क्लायंट गप्प बसला तर काय होतं. थेट ईमेलवरचा क्लायंट असेल तर अशी तरतूद तुम्हालाच कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहावी लागते, "इतक्या दिवसांत हरकत आली नाही तर काम मान्य धरलं जाईल". हे एक वाक्य नसल्यामुळे जेवढे पैसे लटकतात तेवढे वाईट क्लायंटमुळेही लटकत नसतील, असं मला आता वाटायला लागलंय.

३. अवर्लीवाल्यांनी ट्रॅकर तपासा

अपवर्कचा ट्रॅकर दर १० मिनिटांच्या तुकड्यात एक स्क्रीनशॉट घेतो, कीबोर्ड-माऊसची हालचाल मोजतो आणि सोबत तुमची नोंद ठेवतो. अवर्ली पेमेंटचं संरक्षण याच पुराव्यावर उभं आहे. हाताने भरलेल्या तासांना ते संरक्षण नाही. क्लायंटने ते तास मंजूर केले तर मिळतील, तो अडला तर गेले.

माझा एक मित्र इलस्ट्रेशन करतो. आधी कागदावर पेन्सिलने सगळं जमवायचं आणि मग स्क्रीनवर जायचं ही त्याची सवय. एका आठवड्यात २२ तास झाले, त्यातले ९ कागदावरचे, ते त्याने रविवारी रात्री आठवून आठवून हाताने भरले. क्लायंटने त्या ९ तासांवर हरकत घेतली आणि ते गेले. काम खरं होतं, तास खरे होते, पुरावा मात्र नव्हता. शिवाय ट्रॅकर चालू असलेल्या १३ तासांतही नोंदीच्या जागी सगळीकडे एकच शब्द, "ड्रॉइंग". आता तो कागदावर बसतानाच क्लायंटला सांगतो की स्केचिंग फिक्स्डमध्ये धरू, रंगकाम अवर्लीत. स्केच झालं की फोटो काढून लगेच चॅटमध्ये टाकतो.

नोंद लिहिताना ती क्लायंट वाचणार आहे हे धरून लिहा. "बग फिक्स" न लिहिता "चेकआउटचा फॉर्म मोबाइलवर सबमिट होत नव्हता, कारण शोधतोय" असं लिहा. दहा सेकंद जास्त जातात, पण "इतका वेळ का लागला" हा प्रश्न येतच नाही. आणि आठवडा कधी संपतो ते पण बघून ठेवा. अपवर्कवर तो यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) वेळेने सोमवार ते रविवार चालतो, तुमच्या भिंतीवरच्या घड्याळाने नाही, त्यामुळे कधीकधी तुम्हाला या आठवड्याचे वाटणारे तास पुढच्या बिलात जातात किंवा उलट.

४. दोन आठवडे सगळ्याला टायमर लावा, फिक्स्डलासुद्धा

इथून थोडे कष्ट आहेत. पण ही तपासणी टाळून पुढे गेलात तर बाकीचं सगळं अंधारात दगड मारणं आहे.

फिक्स्ड कामाला टायमर कशाला असं लोक विचारतात. टायमर क्लायंटसाठी नाहीच, तुमच्यासाठी आहे. आणि नुसता एकूण आकडा नको, वेळ कशात गेला ते पण लिहा. मोबाइलच्या नोट्समध्ये लिहिलंत तरी चालेल.

माझंच सांगतो. एक साइट स्लो होती, "फास्ट करून द्या" असं फिक्स्ड काम घेतलं. मी १० तासांचा हिशोब धरून आकडा दिला होता. लागले ३१. म्हणजे माझा खरा रेट ठरलेल्याच्या एक तृतीयांशाहूनही खाली. मी स्वतःवरच चिडलो, म्हटलं आपल्याला साधा अंदाज बांधता येत नाही. मग नोंदी बघितल्या:

साइट फास्ट करण्याचं खरं काम ११ तास.
आधीच्या डेव्हलपरने काय करून ठेवलंय ते समजून घेणं ४ तास.
मीटिंग आणि कॉल ५ तास.
लॉगिन, परवानग्या, "हा पासवर्ड चालत नाहीये" २ तास.
"आता साइट उघडलीच आहे तर जाता जाता" ९ तास.

बघा, खऱ्या कामाचा अंदाज १० होता आणि लागले ११. अंदाज जवळपास बरोबरच होता की. उरलेले २० तास मी कशातच धरले नव्हते. मी जर त्या दिवशी रेट वाढवला असता तर पुढच्या कामातही असेच २० तास फुकट गेले असते, फक्त जरा महागातले.

म्हणून ही नोंद महत्त्वाची. कुठल्या प्रकारचे तास गळतायत त्यावर पुढचा उपाय ठरतो. "जाता जाता" जास्त असेल तर स्कोप, म्हणजे कामात काय येतं आणि काय नाही, ते नीट लिहिलेलं नाही. समजून घेण्यात जास्त वेळ गेला तर ते काम फिक्स्डचं नव्हतंच. मीटिंग जास्त असतील तर त्या कुठेतरी मोजल्या गेल्या पाहिजेत. आणि खरं काम स्वतःच तिप्पट लागत असेल तर मग हो, अंदाजच चुकतोय.

५. कामाचं वर्णन पेन्सिल घेऊन वाचा

जॉब पोस्ट, प्रपोजल आणि चॅट तिन्ही उघडा आणि "वगैरे", "इत्यादी", "छोटे बदल", "आवश्यकतेनुसार", "समाधान होईपर्यंत" या शब्दांखाली रेघ मारा. फिक्स्डमध्ये अशी प्रत्येक रेघ म्हणजे उघडं राहिलेलं दार. "समाधान होईपर्यंत" दिसलं तर ते काम फिक्स्डवर घ्यायचंच नाही असं मी ठरवलंय, कितीही गोड माणूस असला तरी.

चार गोष्टी लिहिलेल्या आहेत का बघा: काय देणार, काय देणार नाही, किती वेळा बदल, आणि क्लायंटकडून काय आणि कधीपर्यंत यायला हवं. तिसरी बहुतेक लोक लिहितात. दुसरी आणि चौथी कोणी लिहीत नाही आणि भांडणं तिथेच होतात. मजकूर क्लायंटने दीड महिन्याने दिला तर डेडलाइन कोणाची चुकली?

६. अंदाज बांधायची पद्धत बदला

डोक्यात जो पहिला आकडा येतो तो सगळं सुरळीत झालं तर लागणारा वेळ असतो. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या खोडीला 'प्लॅनिंग फॅलसी' असं नाव दिलं. म्हणजे तुम्ही एकटे नाही.

मी एक जुनं गणित वापरतो, पर्ट नावाचं, १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या प्रकल्पासाठी काढलेलं. तीन आकडे घ्यायचे: सगळं नीट झालं तर, नेहमीसारखं झालं तर, आणि सगळं बोंबललं तर. मधल्याला चारने गुणायचं, तिन्हींची बेरीज करायची, सहाने भागायचं. समजा ८, १२ आणि ३४ तास. ८ अधिक ४८ अधिक ३४ म्हणजे ९०, भागिले सहा, १५ तास. बोलताना तोंडातून १२ निघाले असते.

पण खरी गंमत उत्तरात नाही, पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यातल्या अंतरात आहे. ८ आणि ३४ म्हणजे चौपटीहून जास्त फरक, म्हणजेच या कामात काय दडलंय ते तुम्हाला माहीत नाही. अशा कामाला फिक्स्ड आकडा दिलात की ते न दिसणारं सगळं ओझं तुमच्या डोक्यावर. अवर्ली घेतलंत की ते क्लायंटच्या डोक्यावर. कॉन्ट्रॅक्टचा प्रकार निवडणं म्हणजे एवढंच ठरवणं आहे, आणि कोण ते वाहणार हे न ठरवता काम सुरू झालं की ते गपचूप तुमच्याकडे येतं.

उलट बाजूही आहे. जे काम तुम्ही पन्नास वेळा केलंय, ज्याचे तिन्ही आकडे ३, ४, ५ असे येतात, ते अवर्लीवर करणं म्हणजे स्वतःच्या अनुभवाला दंड लावणं. पहिल्यांदा १० तास लागायचे तेव्हा १० तासांचे मिळायचे, आता हात बसला तर ४ चे मिळतात. असलं काम फिक्स्डवर न्या.

७. क्लायंटशी बोला

इथपर्यंत आलात म्हणजे तुमच्याकडे आकडे आहेत. आता बोलायला हरकत नाही, पण लेखी, आणि चालू कामाच्या मध्येच "मला परवडत नाहीये" असं रडत नाही. परवडणं हा तुमचा प्रश्न आहे, त्याला त्याच्याशी घेणंदेणं नाही. त्याला निवड द्या. मी साधारण असं लिहितो:

"तुम्ही सांगितलेलं नवीन पान मूळ यादीत नव्हतं. ते करायला मला साधारण ६ तास लागतील. दोन मार्ग आहेत: त्याचा वेगळा माइलस्टोन लावू, किंवा यादीतलं ब्लॉगचं काम काढून त्याच्या जागी हे घेऊ. तुम्हाला कसं सोयीचं? तुमचं उत्तर येईपर्यंत मी मूळ यादीतलं पुढचं काम करतो."

शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसेल तर क्लायंटला वाटतं की आपल्याला अडवून धरलंय. चांगला क्लायंट यातलं काहीतरी निवडतो, बऱ्याचदा तर म्हणतो "राहू दे, नंतर बघू", आणि तेव्हा कळतं की जे आपण रात्री जागून करणार होतो ते त्याला फारसं नकोच होतं.

आधी फुकट केलेल्या कामाचे पैसे आता मागू नका. ते गेले. मी एकदा मागितले होते, हात दाखवून अवलक्षण झालं, पैसे तर नाहीच आणि रिव्ह्यूही खराब.

८. कॉन्ट्रॅक्टचा प्रकारच बदला

सगळ्यात जड उपाय, म्हणून शेवटी. चालू कॉन्ट्रॅक्ट ओढूनताणून दुसऱ्या प्रकारात बसवू नका, हातातला माइलस्टोन पूर्ण करा, पैसे सुटू द्या आणि पुढचं काम नव्या कॉन्ट्रॅक्टवर घ्या. मला सगळ्यात जास्त चाललेली जोडणी अशी: आधी छोटं फिक्स्ड काम, नुसतं तपासून रिपोर्ट देण्याचं. त्यात काय दडलंय ते दिसतं. मग नीट कळलेला भाग फिक्स्डवर आणि अजूनही धूसर असलेला भाग अवर्लीवर, आठवड्याची लिमिट लावून. लिमिटमुळे क्लायंटला बिल हाताबाहेर जाण्याची भीती राहत नाही आणि लिमिट जवळ आली की तुम्ही आपणहून कळवायचं, संपल्यावर नाही. देखभालीचं काम असेल तर महिन्याचे ठरावीक तास, न वापरलेले पुढे जाणार की नाही ते सुरुवातीलाच लिहून.

साइट फास्ट करण्याची कामं मी आता अशीच घेतो. "नुसतं तपासायचे पैसे कसले" म्हणून काही क्लायंट निघून जातात. जाऊ देतो.

कुठे थांबायचं

वरचं सगळं बिघाड घरच्या घरी काढण्यापुरतं. खालच्यापैकी काही असेल तर स्वतः डोकं लावत बसू नका.

क्लायंट पैसे परत मागतोय, किंवा त्याने बँकेकडून पेमेंट उलटवलंय: चॅटमध्ये वाद घालणं त्याच क्षणी बंद करा आणि प्लॅटफॉर्मच्या सपोर्टकडे किंवा डिस्प्युटमध्ये जा. वाद मांडायला मुदत असते आणि ती तुमच्या भांडणासाठी थांबत नाही. रागात लिहिलेला मेसेज पुढे तुमच्याविरुद्धच वाचला जातो.

प्लॅटफॉर्मच्या बाहेर पैसे देतो म्हणतोय, किंवा तुमचं अकाउंट वापरायला मागतोय: काम थांबवा, सपोर्टला कळवा. बाहेर गेलात की एस्क्रो नाही आणि संरक्षणही नाही.

थेट क्लायंट आहे, रक्कम तुम्हाला सोडून देण्यासारखी नाही, किंवा वाद कामाच्या मालकीचा, गुप्ततेच्या कराराचा आहे: कॉन्ट्रॅक्ट बघणारा वकील गाठा. क्लायंट दुसऱ्या देशात असेल तर कुठल्या देशाचा कायदा लागू, हे कलम तो आधी शोधेल. इंटरनेटवरून उचललेल्या नोटिशीचा नमुना पाठवू नका, त्यात एखादं वाक्य तुम्हीच कबुली दिल्यासारखं असू शकतं.

अवर्लीवाला क्लायंट तुमच्या कामाच्या वेळा ठरवतोय, रजेची परवानगी घ्यायला लावतोय, दुसरीकडे काम करू देत नाहीये: हे फ्रीलान्सिंग उरलेलं नसेल. बऱ्याच देशांत कायदा नुसतं कागदावरचं नाव बघत नाही, कामावर ताबा कोणाचा आहे हेही बघतो, आणि त्याचा परिणाम करापासून हक्कांपर्यंत सगळ्यावर होतो. इथे कामगार कायद्याचा वकील आणि तुमचा कर सल्लागार दोघांनाही विचारा.

यांपैकी कोणाकडेही जाताना एकच फोल्डर घेऊन जा: कॉन्ट्रॅक्ट, त्यात झालेले बदल, सबमिट केल्याच्या तारखा, टायमरच्या नोंदी, आणि चॅट सुरुवातीपासून जशीच्या तशी, आपल्याला लाज वाटते ते मेसेजसुद्धा न गाळता. समोरच्याकडे ते आहेतच.